माळावरचं पहिलं वर्ष

चि. मुक्ता हिस,


तुझं पत्र पोचलं. दादाने आपल्या वाटणीचा दोन एकर माळ तुझ्या नावावर केला हे मला माहीत होतं, पण तू तिथे कायमची राहायला येणार हे पत्रातूनच कळलं. आपल्याकडे मुलींकडून हक्कसोडपत्रावर सही घेतात आणि विषय संपवतात. दादाने तसं केलं नाही, आणि तूही जमीन विकून पुण्यातल्या फ्लॅटचे हप्ते फेडले नाहीस. मला तुम्हा दोघांचा अभिमान वाटतो. म्हणून सविस्तर लिहिते.

तुझी यादी वाचली. आंबा, चिकू, ॲव्होकॅडो, केळी, शेततळं, गाय, वीस तऱ्हेच्या भाज्या, आणि हे सगळं पहिल्याच पावसात. यादी फाडू नकोस, पण तीन वर्षं बाजूला ठेव. पहिल्या वर्षी दोनच कामं आहेत: पाणी अडवणं आणि माती झाकणं. दारात खाण्यापुरती गुंठाभर बाग जगली तर वर्ष सार्थकी लागलं असं मी म्हणेन.

आपला माण तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आपल्याकडे साधारण साडेचारशे. तोही जून-जुलैत हुलकावणी देतो. खरा भरवसा सप्टेंबर-ऑक्टोबरच्या परतीच्या पावसाचा, म्हणून तर शाळू हे आपलं मोठं पीक. पण साडेचारशे हा आकडा ऐकून खचू नकोस. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एकरात ४,०४७ चौरस मीटर. तुझ्या दोन एकरांवर वर्षाकाठी ३६ लाख लिटर पाणी आभाळातून उतरतं. त्यातलं कितीतरी उतारावरून ओढ्याला जातं आणि जाताना तुझी माती घेऊन जातं. बोअर पाडायचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. त्यांना सांग, आधी हे पाणी थांबवते, मग बघू. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावात पडीक माळावर हेच काम केलं, आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. पाण्याचा वाटा जमिनीच्या आकारावर न देता घरातल्या माणसांच्या संख्येवर द्यायचा, हा त्यांचा नियम. एकदा जाऊन ती जागा बघून ये.

मे महिन्यात वळीव येईल. विजा कडाडत असताना माळावर किंवा झाडाखाली उभी राहू नकोस. पण विजा थांबल्या की लगेच बाहेर पड आणि सगळा उतार पायाखाली घाल. पाणी कुठे एकत्र येतं, कुठे घळ पाडतं, कुठे साचून मुरतं, तिथे तिथे खुंट्या ठोक. हा नकाशा कुठल्याही कागदावर मिळत नाही.

चर आखायला इंजिनिअर लागत नाही. सात-सात फुटांच्या दोन सारख्या काठ्यांचे शेंडे एकत्र बांध, मध्यावर आडवी काठी बांध, शेंड्यापासून दोरीला दगड लटकव. चौकट जमिनीवर टेकवून दोरी आडव्या काठीला जिथे लागते तिथे खूण कर. मग दोन्ही पायांची जागा बदलून पुन्हा खूण कर. दोन खुणांचा मध्य हा समपातळीचा. आता उतारावर एक पाय रोवायचा, दुसरा वर-खाली सरकवत दोरी मध्यावर आणायची, तिथे खुंटी मारायची आणि पुढे चालायचं. खुंट्यांच्या त्या ओळीवर दोन फूट रुंद, दीड फूट खोल चर खण. निघालेली माती खालच्या अंगाला टाक. सुरुवात माथ्यापासून कर, पाण्याने जोर धरायच्या आत ते अडायला हवं. आपला मुरूम कोरडा असताना टिकावाला दाद देत नाही; वळवाने भिजला की काम निम्म्या कष्टात होतं. जून-जुलैत खणलेले चर परतीच्या पावसाला वेळेवर तयार असतात. चराच्या बांधावर मारवेल गवत, घायपात आणि गिरीपुष्पाच्या काठ्या लाव. गिरीपुष्पाचा पाला नत्राने भरलेला असतो. छाटून तिथेच जमिनीवर टाकायचा.

मातीचं बोलायचं तर आधी ती ओळख. चार ठिकाणची माती वेगवेगळ्या काचेच्या बरण्यांत घाल, पाणी घालून हलव आणि ठेवून दे. वाळू मिनिटाभरात तळाशी बसते, पोयटा काही तासांत, चिकणमाती दिवस घेते. कुठे काय लावायचं ते या थरांवरून ठरव. मग आच्छादन. उन्हाळ्यात उघडी माती हाताला चटका देते, आणि त्या उष्णतेत मुळाजवळचे जीव जगत नाहीत. चार-सहा इंचांचा पालापाचोळा हवाच. मात्र कडबा यासाठी वापरू नकोस, तो जनावराच्या तोंडचा घास आहे. फलटणकडे ऊसतोडीनंतर कितीतरी ठिकाणी पाचट पेटवून देतात. तेच मागून ट्रॉली भरून आण. तणसुद्धा बी धरायच्या आत उपटून तिथेच आडवं कर. आपल्या मुरमाड जमिनीत वाळवी फार, म्हणून झाडाच्या बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी ठेव.

शेण कमी पडेल, याची चिंता करू नकोस. पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी, ज्यांना सगळे नाडेपकाका म्हणत, विटांमध्ये भोकं ठेवून बांधलेल्या हौदात खत करायची पद्धत दिली. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच हौद. त्यात काडीकचरा आणि चाळलेली माती यांचे थर द्यायचे, आणि शेण लागतं जेमतेम शंभर किलो. तीन-चार महिन्यांत खत तयार होतं.

तू जीवामृताबद्दल विचारलं आहेस. २०० लिटर पाण्यात दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती, ही पद्मश्री सुभाष पाळेकरांची कृती. जरूर कर. पण माझं मत ऐक: मातीत काडीकचराच नसेल तर त्या जिवाणूंनी खायचं काय? उघड्या मुरमावर जीवामृत ओतून उपयोग नाही. आधी आच्छादन, मग ते.

आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ‘निसर्गावर सोडून द्यायचं’ असं तू लिहिलं आहेस. जपानच्या शिकोकू बेटावरचे मासानोबु फुकुओका ज्या विचारासाठी जगभर ओळखले जातात, तो असा उचलू नकोस. तरुणपणी त्यांनी वडिलांच्या संत्रावर्गीय झाडांची छाटणी एकदम थांबवली. फांद्या एकमेकींत अडकल्या, किडी पडल्या आणि बाग वाळून गेली. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. माणसाने एकदा वळण लावलेलं झाड अर्ध्यात सोडणं म्हणजे नैसर्गिक शेती नव्हे, हे ते त्यातून शिकले. शिवाय त्यांच्याकडचा पाऊस आपल्यापेक्षा खूप जास्त. त्यांची नजर घे, त्यांचं वेळापत्रक घेऊ नकोस. आपल्या मातीसाठी श्री. अ. दाभोळकरांचं ‘विपुलाच सृष्टी’ वाच. कोल्हापूरच्या या गणिताच्या प्राध्यापकाने प्रयोग परिवार उभा केला आणि दहा गुंठ्यांत कुटुंब कसं जगू शकेल याचा हिशेब मांडला. पानावर पडणारं ऊन हेच शेतकऱ्याचं भांडवल, हा त्यांचा धडा माझ्या मनात कायमचा बसला आहे. त्यांच्यासारखी वही ठेव: पाऊस किती, काय पेरलं, काय उगवलं, काय मेलं.

आता दारातली बाग. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. ऐन उन्हाळ्यात तेवढ्या भाजीपाल्याला रोज चारशे-पाचशे लिटर पाणी लागतं. तुझं सहाशे चौरस फुटांचं छप्पर वर्षाला वीस हजार लिटरच्या आसपास पाणी देईल, म्हणजे उन्हाळ्यातले चाळीस-पन्नास दिवस. म्हणून पावसाळ्यात आणि थंडीत गुंठाभर लाव, फेब्रुवारीनंतर चार वाफ्यांवर ये. वांगी-मिरचीच्या मध्ये मातीचं मडकं गळ्यापर्यंत पूर आणि झाकण ठेव. पाझरेल तेवढं पाणी मुळांना पुरतं. मोरीचं पाणी अळूला आणि कर्दळीला. शेवगा, हादगा, कढीपत्ता आणि लिंबू घरालगत. बांधाकडे बोर, सीताफळ, चिंच. बोराचं रोप विकत आणू नकोस. गावठी बोराचं बी जागेवरच लाव आणि वर्षाने त्यावर डोळा भर; न हललेलं सोटमूळ खोल जातं आणि झाड दुष्काळ काढतं. चिकू, ॲव्होकॅडो या माळावर लावू नये असंच मी म्हणेन.

बी मात्र पहिल्या हंगामापासून राखायला शीक. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी गावठी वाणांची बँक उभी केली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री मिळाली. वांग्याचं बी पिवळं पडलेल्या फळातलंच धरायचं. टोमॅटोचं बी गरासकट दोन-तीन दिवस आंबवून धुवायचं. घेवडा, चवळी, मटकी वेलावर वाळू द्यायची आणि राख चोळून गाडग्यात भरायची. दुधी, दोडका, काकडी यांचे दोन-दोन वाण शेजारी लावलेस तर मधमाश्या त्यांचा संकर करतात, म्हणून बियाण्यासाठी एका वर्षी एकच वाण. जूनच्या सुमारास पडलेल्या निंबोळ्या वेचून सावलीत वाळव. पाच किलो कुटून शंभर लिटर पाण्याला पुरतात, मावा आणि तुडतुड्यांवर त्याचा चांगला उपयोग होतो.

खुरपं, विळा, टिकाव, फावडं, पहार, घमेलं आणि एक चांगली कानस एवढंच घे. रोज संध्याकाळी विळ्याला धार लावायची सवय लाव. बोथट विळ्याने मनगट जातं. गाय पहिल्या वर्षी नको. तिला रोज पंधरा-वीस किलो चारा लागतो आणि तुझ्या माळावर अजून काडी नाही. चार गावरान कोंबड्या पाळ, वाळवीवर त्याच इलाज.

आच्छादनाखाली फुरसं, घोणस बसते. काठीने हलवल्याशिवाय पाचटात हात घालू नकोस, रात्री बॅटरीशिवाय पाऊल टाकू नकोस, आणि जमिनीवर झोपू नकोस, मण्यार रात्रीच फिरते. दंश झाला तर चिरणं, चोखणं, आवळून बांधणं, मांत्रिक, काही नको. तो हात किंवा पाय न हलवता थेट सरकारी दवाखाना. प्रतिसर्पविष कुठल्या दवाखान्यात असतं ते येण्याआधी विचारून ठेव.

पैशाचं स्पष्ट लिहिते. तीन वर्षं माळ तुला पोसणार नाही. मिळकतीचं काही काम हातात राहू दे, निदान अर्धवेळ. त्यात कमीपणा नाही. कर्ज काढून घाईने लावलेल्या बागा मी वाळताना पाहिल्या आहेत. आणि शेजाऱ्यांशी सावड कर. त्यांच्या शाळूच्या काढणीला दोन दिवस जा, ते तुझ्या चराला येतील. काढणीच्या त्या दोन दिवसांत तुला जे शिकायला मिळेल ते कुठल्याही शिबिरात मिळणार नाही. त्यांनी रासायनिक खत टाकलं तर त्यांना उपदेश करू नकोस. त्यांच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज आहे, तुझ्या नाही.

सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणजे हद्द कळली असं होत नाही. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज याच महिन्यात दे, नंबर लागायला वेळ जातो. हद्दीचे दगड रोवल्याशिवाय कुंपण घालू नकोस आणि एकही चर खणू नकोस. वहिवाटीचा रस्ता कुणाच्या गटातून जातो तेही लेखी करून घे. मोजणीची तारीख आली की मला कळव, मी येईन.

तुझी,
आत्या