‘हुसेन’ : एका अरबी विशेषनामाचा अर्थ आणि उच्चार

‘हसन’ आणि ‘हुसेन’ या दोन्ही नावांचा अर्थ ‘सुंदर’ असा सरसकट सांगितला जातो. तो चुकीचा नसला तरी अपुरा आहे. दोन्ही नावे ह-स-न या त्रिव्यंजनी धातूपासून सिद्ध झाली आहेत, हे खरे. परंतु मूळ अरबी ‘हुसैन’ हे ‘हसन’चे लघुत्वदर्शक रूप होय. ‘घर’चे ‘घरकुल’ करताना मराठी शेवटी प्रत्यय जोडते. अरबी भाषा धातूची व्यंजने तशीच ठेवून आतले स्वर पालटते : पहिल्या व्यंजनास उकार, दुसऱ्यास ऐकार. ‘जबल’ म्हणजे डोंगर, ‘जुबैल’ म्हणजे लहान डोंगर. त्याच न्यायाने ‘हुसैन’ म्हणजे ‘छोटा हसन’. इ. स. ६८० मध्ये करबला येथे मारले गेलेले इमाम हुसेन हे इमाम हसन यांचे धाकटे बंधू. थोरल्याचे नाव धाकट्याच्या नावात असे सामावलेले आहे.

या नावातील अरबी ‘ह’ घशातून घर्षणाने उमटणारा व अघोष आहे. मराठी ‘ह’ घोष. या फरकाने मराठीत अर्थाची हानी होत नाही. ‘ऐ’चा ‘ए’ झाल्याने मात्र लघुत्वाची खूणच पुसली जाते. विशेष असे की, मराठी ‘ऐ’चा ‘अइ’ हा उच्चार अरबीला जवळचा असूनही मराठीत रुळले ते ‘हुसेन’च.

मोहरमच्या मिरवणुकीतील ‘या हसन, या हुसेन’ या आक्रोशाचे इंग्रज सैनिकांच्या तोंडी ‘हॉब्सन-जॉब्सन’ झाले आणि यूल व बर्नेल यांच्या १८८६ च्या कोशाला तेच नाव मिळाले. तेथे धातू आणि साचा दोन्ही गेले. जोडनावाचे यमक तेवढे राहिले.