पप्पांची डबी लॅबला नेण्याआधी

बाय, पुढच्या आठवड्यात पप्पांची शौचाची डबी बोरिवलीला न्यायचीय ना, मग आत्ताच ऐकून ठेव. माझा जन्म लॅबमध्ये गेला. शौचातलं लपलेलं रक्त शोधायच्या या टेस्टचा रिपोर्ट घरातच बिघडतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

आधी लॅबला फोन करून विचार, टेस्ट कुठली करता? जुनी ग्वायॅकची असेल तर ती रक्तातलं हीम ओळखते. पेरॉक्साइडचा थेंब पडला की निळा रंग चढतो. रक्त माणसाचं की बोकडाचं, हे तिला कळत नाही. म्हणून तीन दिवस आधीपासून मटण, कलेजी, डुकराचं सोरपोटेल बंद. कच्चा मुळाही नको, त्यानेही रंग चढतो. शिजवलेली मासळी चालते. आवळ्याचा रस, पेरू, व्हिटॅमिन सीच्या गोळ्या मात्र कटाक्षाने टाळायच्या, कारण त्यांच्यामुळे रक्त असूनही रंग उमटत नाही. मला धास्ती याचीच जास्त. खोट्या निगेटिव्हवर माणूस निर्धास्त होतो आणि आतलं दुखणं वाढत राहतं.

फिट नावाची नवी टेस्ट फक्त माणसाचं हिमोग्लोबिन पकडते, तिला खाण्याचं पथ्य नाही. पण ती मुख्यतः मोठ्या आतड्याचं रक्त दाखवते. जठरातल्या अल्सरचं रक्त वाटेतच पचतं, तिला दिसत नाही. शिवाय उष्णतेने हिमोग्लोबिन मोडतं. जेट्टीवर उन्हात नमुन्याची नळी हातात घेऊन होडीची वाट बघायची नाही. सकाळची पहिली होडी धर, नळी बर्फाच्या पिशवीजवळ ठेव. होडीऐवजी उत्तनवरून गाडीने गेलात तर वेळ आणखी जाईल.

शौच कोरड्या भांड्यात धरायचं. लघवी, कमोडचं पाणी, क्लीनर लागू द्यायचं नाही. दोन-तीन जागचं थोडं थोडं घ्यायचं. रक्त रोज पडतंच असं नाही, म्हणून ग्वायॅकला तीन वेगवेगळ्या दिवसांचे नमुने लागतात. मूळव्याध वाहत असेल तर थांबा. बाईची टेस्ट असेल तर पाळी संपू दे. हृदयासाठीची ॲस्पिरिन आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. पप्पा आयर्नच्या गोळ्या घेतात, त्याने शौच काळं होतं, ते लॅबला सांग. गोळ्या नसताना डांबरासारखं काळं, चिकट झालं किंवा उघड रक्त दिसलं, तर डबी भरत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

पप्पा वाडीत अनवाणी राबलेत. मातीतला हूकवर्म पायातून शिरतो आणि आतड्यात रक्त पितो. म्हणून सोबत स्टूल रुटीनही करून घे.

आणि पॉझिटिव्ह आला तर कॅन्सरच असं नाही, पण ‘मूळव्याध असेल’ म्हणून सोडायचंही नाही. दुसऱ्या लॅबमधून तीच टेस्ट करून निगेटिव्ह मिळवू नका. पोटाच्या डॉक्टरांकडे जा आणि कोलोनोस्कोपीची तारीख घ्या.