‘डोळ्याबद्दल डोळा’ : शास्त्राचा अर्थ कसा लावावा?



‘डोळ्याबद्दल डोळा’ हा नियम निर्गम २१:२४ मध्ये येतो. देवाच्या वचनात इतका कठोर नियम कसा, असा प्रश्न आपल्याला पडतो. यहुदी शास्त्रपंडितांनाही तो पडला. त्यांनी ते वचन टाकून दिले नाही; शास्त्राचा अर्थ शास्त्रातच शोधला.

त्यांनी विचारले : आंधळ्याने दुसऱ्याचा डोळा फोडला, तर त्याचा कोणता डोळा काढणार? नियम तर सर्वांना सारखाच हवा (लेवीय २४:२२). शिवाय गणना ३५:३१ प्रमाणे खुन्याला खंडणी घेऊन सोडायचे नाही. तेथे मनाई फक्त खुन्यापुरती आहे; म्हणजे अवयवाची भरपाई घेता येते.

इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना ग्रंथात या भरपाईचे पाच भाग आहेत : कायमचे नुकसान, वेदना, औषधोपचार, बुडालेली मजुरी आणि अपमान.

आपल्या तेरखेड्यात फटाक्यांच्या कामावर अनेकांचे पोट आहे. भाजलेल्या मजुराला कोणाचा डोळा नको असतो. दवाखान्याचा खर्च निघावा आणि घरची चूल पेटावी, एवढेच हवे असते.

प्रभू येशूने सूड सोडायला सांगितले (मत्तय ५:३८-४२). पण सूड सोडणे म्हणजे जखमी माणसाचे देणे बुडवणे नव्हे. जक्कयाने चौपट परत देण्याचा शब्द दिला (लूक १९:८).

यहुद्यांच्या शास्त्रवाचनातून ख्रिस्ती लोकांना पुष्कळ शिकता येईल, असे पोपमहोदयांच्या बायबल आयोगाने २००१ साली म्हटले आहे.

या आठवड्यात घरी विचार करू या : आपल्यामुळे कोणाचे नुकसान झाले आहे का? या पाचांपैकी कोणते देणे अजून बाकी आहे?