हत्तीचे मन

वाचकहो, आपल्या चाकूर भागात रानहत्ती नाहीत. परंतु बैलाचे मन येथील शेतकरी चांगले ओळखतो. जोडीदार गेला म्हणजे वैरणीस तोंड न लावणारा बैल आपणांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. हत्तीलाही असेच मन आहे काय, ह्याचा विचार ह्या पाठात करू.

प्रथम बुद्धी पाहू. हत्तीचा मेंदू सुमारे पाच किलो वजनाचा असतो. सन २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात न्यूयॉर्क येथे हॅपी नावाच्या हत्तिणीच्या डोळ्याच्या वर खूण करून तिच्यापुढे मोठा आरसा ठेवला. प्रतिबिंब पाहून ती सोंडेने आपल्याच मस्तकावरील ती खूण वारंवार चाचपू लागली. आरशात दिसतो तो मीच, हे फार थोड्या प्राण्यांस उमगते. सन २०११ मध्ये थायलंडातील एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एका दोरीची दोन्ही टोके दोघांनी एकदम ओढली तरच खाणे जवळ येई. एकट्याने ओढल्यास दोरी निसटून जाई. तेथील हत्ती जोडीदार येईपर्यंत टोकाशी थांबून राहू लागले.

दुसरी गोष्ट ममतेची. कळपाचे पुढारपण वडील मादीकडे असते व पिलाचा सांभाळ आईबरोबर मावश्याही करितात. एखादा हत्ती घाबरला की इतर जवळ येऊन त्याच्या तोंडाला सोंड लावितात व त्यास धीर देतात.

तिसरी गोष्ट शोकाची. उत्तर बंगालातील चहाच्या मळ्यांत मेलेली पाच पिले कळपाने पाण्याच्या चरांत नेऊन मातीने झाकल्याचे सन २०२४ मध्ये अभ्यासकांनी प्रसिद्ध केले. त्या वाटा कळपाने पुढे टाळल्या.

आता आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण घेऊ. कोल्हापूर जिल्ह्यातील नांदणी येथील जैन मठात महादेवी ऊर्फ माधुरी नावाची हत्तीण सन १९९२ पासून होती. तिची प्रकृती व एकाकी जिणे विचारात घेऊन मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये तिला जामनगर येथील वनतारा केंद्रात पाठविण्याचा हुकूम दिला व सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. निरोपाच्या वेळी हजारो लोक रडले. हत्तिणीच्याही डोळ्यांतून पाणी वाहिले, असे पुष्कळांनी सांगितले.

येथे सावध असावे. हत्तीच्या डोळ्याला आपल्यासारखी अश्रूंची ग्रंथी नसते, व डोळ्यातील ओल नाकात उतरण्यास मार्गही नसतो. म्हणून ती गालावरून वाहते. ते पाणी पाहून तो दुःखी आहे किंवा नाही, हे ठरविता येत नाही. त्याचप्रमाणे साखळीला बांधलेला हत्ती सारखा डोलतो तेव्हा तो आनंदाने नाचतो, असा आपला समज असतो. वस्तुतः ते बहुधा कोंडलेल्या मनाचे लक्षण होय. जो दुःख दाखवितो असे वाटते, तो कदाचित दाखवीत नसेल. आणि जो सुखी वाटतो, तो आतून झुरत असेल.

नांदणीच्या लोकांची माया खोटी नव्हती. परंतु केळी, गूळ, झूल व मान एवढ्याने हत्तीचे पोट भरते, मन भरत नाही. त्याला आपल्या जातीची संगत हवी. बैलास एकटे न ठेवता जोडीने ठेवणाऱ्या आपल्या लोकांस हे समजणे कठीण नाही.

प्रश्न :
१. हत्ती दुःखी आहे, हे केवळ त्याच्या डोळ्यांतील पाण्यावरून का ठरवू नये?
२. दारी आलेल्या हत्तीस केळे देण्यापूर्वी आपण त्याच्याविषयी काय पाहावे?
३. आपल्या गोठ्यात एकटे पडलेले जनावर आहे काय?