हसणारं जनावर कोणतं?

प्रश्न : नोकरीनिमित्त आम्ही सायलीला राहायला आलो आहोत. पाड्यावरून दूध घालायला येणारे काका सांगतात, की इथे रात्री एक जनावर फिरतं. पुढून उंच, मागून उतरलेलं, पाठीवर केस पिंजारलेले. ते माणसासारखं खदखदा हसतं आणि मनात आलं तर माणूसही होतं. यात खरं किती?
— एक वाचक, सिल्वासा

उत्तर : काकांना खोटं पाडायची घाई करू नका. त्यांनी केलेलं वर्णन तरसाचं आहे, आणि ते चोख आहे. तरसाचे पुढचे पाय मागच्यांपेक्षा लांब, त्यामुळे ते लंगडत चालल्यासारखं दिसतं. बिथरलं की मानेपासून शेपटीपर्यंतचे केस ताठ उभे करतं आणि क्षणात भलं थोरलं वाटू लागतं. मोटारसायकलच्या दिव्यात असं काही समोर आलं, तर थांबून निरखणारा विरळाच. मेलेल्या गुरांची हाडं फोडून खायची त्याला सवय, म्हणून त्याची वाळलेली विष्ठा खडूसारखी पांढरी पडते. तिच्यावरूनही गोष्टी रचल्या जातात.

हसण्याचं मात्र जमत नाही. खिदळणारं तरस आफ्रिकेतलं, अंगावर ठिपके असलेलं. आपल्याकडे ते आलं टीव्हीवरून. आपलं पट्टेरी तरस बहुतेक वेळ मुकंच असतं. मग हसलं कोण? माझा संशय पिंगळ्यावर आहे. हे वीतभर घुबड वस्तीलगतच्या झाडांच्या ढोलीत राहतं आणि जोडीजोडीने किचकिचायला लागलं, की अंधारात कुणीतरी टवाळी करतंय असं वाटतं. कोल्ह्यांची कोल्हेकुई त्यात मिसळली तर विचारूच नका. डोळ्यांना दिसलं एक, कानांनी ऐकलं दुसरं. सांगताना दोघांचं मिळून एक जनावर झालं, एवढंच.

(कुणी रात्री सिंह ऐकल्याचं सांगितलं, तर त्याला मात्र वेड्यात काढू नका. तुमच्याच भागातल्या वासोण्याच्या सिंहसफारीत गीरहून आणलेले सिंह ठेवले होते, आणि सिंहाची गर्जना शांत रात्री सात-आठ किलोमीटरपर्यंत पोचते.)

माणूस होण्याची गोष्ट वेगळ्या वजनाची आहे. ती बहुधा तरसाची नाहीच, वाघाची आहे. वारली आदिवासींच्या वाघदेवाच्या एका कथेत तो बाईच्या पोटी जन्मलेलं मूल असतो. आई कामाला गेली की हे पोर वाघ होऊन गावची गुरं मारतं. गाव चिडतं, तेव्हा आई त्याला रानात धाडते. पण वर्षाकाठी गाव तुला कोंबडं-बकरं देईल, असा शब्दही देते. मला यातली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते ती ही, की वाघाला कुणी मारत नाही, त्याच्याशी बोली करतात. ती बोली वाघबारशीला, म्हणजे आश्विन वद्य द्वादशीला, आजही पाळली जाते. वाघ आणि चंद्रसूर्य कोरलेला लाकडी खांब किंवा शेंदूर फासलेली शिळा, असं त्याचं ठाणं असतं. शेजारच्या पालघरसह ठाणे आणि मुंबई उपनगर जिल्ह्यांत अशी दीडशेहून अधिक ठाणी 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नोंदली गेली. पट्टेरी वाघ या मुलखातून गेला; आता ती पूजा बिबट्याला पोचते.

तुम्ही म्हणाल, एवढं मोठं जनावर असतं, तर आम्हाला कसं दिसत नाही? 2009 साली वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि वनखात्याने गळ्यात जीपीएस पट्टा घालून ‘आजोबा’ नावाचा बिबट्या माळशेज घाटात सोडला होता. तो सुमारे सव्वाशे किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. वाटेत महामार्ग आले, वसईची खाडीही आली. पट्टा नसता तर या प्रवासाचा कुणाला पत्ताही लागला नसता.

तेव्हा वाट पाहण्यापेक्षा जमीन वाचा. पाड्याच्या वाटेवर संध्याकाळी चाळलेली माती पसरा आणि पहाटे वर्दळ सुरू होण्याआधी जाऊन पाहा. ठशात नखं उमटली असतील तर कुत्रं, कोल्हा किंवा तरस. पुढचा पंजा मागच्यापेक्षा ठळकपणे मोठा असेल तर तरसाची शक्यता जास्त. पंजा गोलसर आणि नखं नाहीत, तर मांजरकुळातलं कुणीतरी, आणि आकार मोठा असेल तर बिबट्या. फोटो काढताना मापासाठी शेजारी आगपेटी ठेवा आणि तो वनखात्याच्या कार्यालयात दाखवा. काकांनाही सोबत न्या. तिथल्या लोकांचे प्रश्न तुमच्यापेक्षा त्यांनाच जास्त कळतील.