निरोप आणि नोंद : एक पाठ

सातारा जिल्ह्यातील कोयना नदी कऱ्हाड येथे कृष्णेस मिळते व ते पाणी पुढे सांगलीस येते. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी व ४५ फूट ही धोका पातळी होय. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांवर गेले. पुरात रस्ते तुटतात, वीज जाते, दूरध्वनी बंद पडतात. अशा वेळी ‘पाणी ३९ फूट’ हा सकाळचा निरोप सायंकाळी पोहोचला आणि त्यावर वेळ नसली, तर खरा निरोपही घात करतो.

हीच अडचण माणसे व यंत्रमानव यांच्या पथकांसही येते. अमेरिकेतील डार्पा या सरकारी संस्थेने भुयारे व गुहा धुंडाळणाऱ्या यंत्रांची स्पर्धा घेतली. तिची अंतिम फेरी सप्टेंबर २०२१ मध्ये झाली. खडकांमुळे बिनतारी संदेश अडत. म्हणून काही यंत्रे वाटेत लहान संदेशवाहक पेट्या टाकीत जात. संपर्क तुटला तरी शोध चालू ठेवीत आणि संपर्काच्या टापूत परतल्यावर आपली माहिती बाहेरच्या माणसाच्या हवाली करीत.

यातून चार नियम निघतात. प्रत्येकाने स्वतःची नोंद ठेवावी. नोंदीवर स्थळ, वेळ व पाहणाऱ्याचे नाव असावे. भेट होताच नोंदी एकमेकांस द्याव्यात, पोच घ्यावी. जुनी नोंद खोडू नये, परंतु निर्णय नव्या नोंदीवरून करावा.

हे वर्गात करवून घ्यावे. कऱ्हाड, भिलवडी व सांगली असे तीन गट करावेत. शिक्षकांनी प्रत्येक गटास पाण्याचे बदलते आकडे द्यावेत. निरोप नेणाऱ्या मुलांपैकी एकास वाटेत थोडा वेळ थांबवून धरावे. सांगली गटातील एका मुलास ‘यंत्रमानव’ करावे. त्याने चिठ्ठीत लिहिले असेल तेवढेच मानावे, तर्क करू नये. पहिल्या फेरीत चिठ्ठीवर केवळ आकडा असावा. दुसरीत स्थळ, वेळ व नावही असावे. कोणत्या फेरीत सांगलीकरांनी गाव वेळेवर हलविले, हे मुलांसच सांगू द्यावे.

शेवटी एक प्रश्न अवश्य विचारावा : कऱ्हाडहून निरोपच आला नाही, तर पाणी वाढले नाही असे समजावे काय? मौन म्हणजे क्षेम नव्हे, एवढे मुलांच्या मनावर ठसले म्हणजे पाठ सफल झाला.