मातींतील जंतु आणि अल्कलॉइडें

तंबाखूंतील निकोटीन व अफूंतील मॉर्फीन हीं अल्कलॉइडें वाचकांस परिचित आहेतच. तशींच गुंतागुंतीचीं द्रव्यें शेतांतील मातीचे सूक्ष्म जंतुही करितात. पहिल्या पावसाचा मृद्गंध ज्या जंतुवर्गामुळें सुटतो, त्याच वर्गांतील एका जंतूपासून सातोशी ओमुरा व त्यांचे सहकारी यांनीं जपानांत १९७७ सालीं स्टॉरोस्पोरिन मिळविलें. त्याची घडण येथें देतों.

घडविणारीं तीं विकरें, म्हणजे स्वतः न खपतां पदार्थाचें रूप पालटणारीं प्रथिनें. कच्चा माल ट्रिप्टोफॅन; तो आपल्या डाळींतही असतो. पहिलें विकर त्यास जोडणीजोगा करितें. दुसरें अशा दोन रेणूंची जोडी जुळवितें. तिसरें त्या जोडीचीं कडीं सांधून सपाट चकती बनवितें. चौथें एक साखर आणून चकतींतील नत्राच्या एका परमाणूस अडकवितें, व पांचवें तीच साखर दुसऱ्या नत्रासही बांधतें. ही दुहेरी गांठ फार विरळा. पुढें किरकोळ सजावट होते. कचेरींतील कागदावर सह्या क्रमानेंच व्हाव्या लागतात, तसेंच हें. आमचें आयुष्य त्यांतच गेल्यामुळें ही उपमा सुचली. पांचवें विकर नसेल, तर साखर एका टोकानें लोंबत राहते.

तयार द्रव्य अतिजहाल असतें. पेशींतील किनेज नांवाचीं अनेक विकरें तें सरसकट बंद पाडतें, म्हणून जसेंच्या तसें रोग्यास देतां येत नाहीं. रसायनज्ञांनीं त्यांत फेरफार करून मिडोस्टॉरिन केलें. रक्ताच्या एका कर्करोगावर त्यास अमेरिकेंत २०१७ सालीं मान्यता मिळाली. जनावरांच्या कृमींवर आपण जें आयव्हरमेक्टिन देतों, त्याचें मूळ द्रव्यही ओमुरा यांस मातींतील जंतूपासूनच लाभलें. त्याबद्दल २०१५ सालच्या नोबेल पारितोषिकांत त्यांस वांटा मिळाला.